दर्भाचा दत्तू

पोर्ट लुई, मोरिशस बेट
ता. ३ मार्च १८९६

तीर्थस्वरूप आत्याआजी यांच्या चरणी बालक आनंदा याचा दंडवत.

आपण मला ओळखत नाही. मी आपले थोरले बंधू दत्तू यांचा नातू. आजोबा हयात आहेत. दोन वर्षांमागे अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवी बाजू गेली आहे. बोलणे अडखळत असते, पण भान शाबूत आहे. सन १८५३ साली ते मुंबई बंदरातून जहाजाने या बेटावर ऊसतोडीच्या करारावर आले. माझे आईबाप मी लहान असताना वारले. आजोबांनीच मला वाढवले आणि देवळातल्या मास्तरांकडे मराठी शिकायला घातले. सध्या मी इथल्या आगगाडीच्या स्टेशनात तिकिटे देतो.

आपले नाव त्यांच्याच तोंडून ऐकले होते. गिरगावातल्या वाडीत तुळशी होती, ती मडमेच्या शाळेत जायची, असे ते म्हणत. मुंबईला निघालेल्या एका रत्नागिरीच्या खलाशाच्या हाती हे पत्र देत आहे. तो म्हणतो, परळ-लालबागेत गावागावाच्या खोल्या असतात, करंजवाडीच्या खोलीत आपला ठाव लागेल.

काम असे की माझे लग्न ठरत आहे. मुलीचे नाव शांता. तिचे वडील जयवंतराव शेजारच्या मळ्यावर मुकादम आहेत. आजोबांच्या काळी इथे कोणी काही विचारत नसे, जमेल तसे संसार झाले. आता देऊळ झाले, पंच झाले. जयवंतराव म्हणतात, आधी देवक सांगा. त्यांचे देवक उंबर. आमचेही उंबरच निघाले तर आम्ही दोघे भाऊबहीण ठरतो, मग लग्न नाही. आणि देवक सांगताच आले नाही तर कुळाचा पत्ता नाही म्हणून लग्न नाही. आजोबांना विचारले की ते भिंतीकडे बघतात. विसरले असावेत. शांता लहान आहे म्हणून जयवंतराव दोन वर्षे थांबतो म्हणाले आहेत.

तरी आपले देवक कोणते एवढे कळवावे. आजोबा कोणत्या वाटेने इथवर आले तेही लिहून ठेवावे अशी माझी इच्छा आहे. ते स्वतः त्याबद्दल फार बोलत नाहीत.

आपला नातू,
आनंदा

*

परळ, वैशाख वद्य, १८९६

मोरसच्या आनंदास,

चिरंजीव लिहिलं नाही ते मुद्दाम. आधी तू कोण ते ठरू दे, मग आशीर्वाद.

तुझं पत्र गावकीच्या खोलीत पंधरा दिवस पडून होतं. कुणी तरी त्यावर तंबाखू मळली, ती झाडून वाचलं. मडमेच्या शाळेत मी दोनच वर्षं गेले, तेही चोळीचं कापड मिळायचं म्हणून. तेव्हा अक्षराला हसू नको. आमच्या चाळीत लिहिता येणारी म्हातारी मी एकटी, त्यामुळे सगळ्यांची रडगाणी माझ्याच बोटांतून गावाला जातात. बोटं आता दमली.

दत्तू माझा भाऊ, चार वर्षांनी थोरला. बाप आमचा करंजवाडीहून येऊन गिरगावात एका नारळीच्या वाडीत शिंपणं करायला राहिला. मागून गलबताने आई, दत्तू आणि मी आलो. बाणकोट सुटलं तेव्हा दत्तू जो ओकायला लागला तो मुंबईचं बंदर येईपर्यंत. जमिनीवर उतरल्यावर तीन दिवस भिंत धरून चालत होता. पुढे शीवच्या खाडीत आगगाडीसाठी भराव घालायचं काम निघालं, तिथे टोपल्या वाहायला लागला. भरती-ओहोटी कळते म्हणून कोळीवाड्यातली पोरंही त्या कामावर होती. त्यातला उत्तम नावाचा एक दत्तूला चिकटला. दोघांत एक पितळेची चुन्याची डबी. ती दत्तूची. मडमेकडे दत्तूचा द शिकले तो मी खिळ्याने त्या डबीवर कोरला होता, म्हणून त्याने माझ्या पाठीत रट्टा घातला होता. उत्तम मधे पडला.

ठाण्याला गाडी सुरू झाली आणि काम संपलं. मग बेटावर न्यायला माणसं गोळा करणारा एकजण आला. दोघे गेले. उत्तमचे हात बघून त्याला परत लावलं. म्हणाले, हे घट्टे वल्ह्याचे आहेत, आम्हाला कुदळीचे हवेत. दत्तूचे पसंत पडले. नंबराचा पत्र्याचा बिल्ला त्याच्या गळ्यात अडकवला. आईने दहीभात चारला, अख्खी वाडी वेशीपर्यंत पोचवायला गेली. मग काही नाही. ना पत्र ना निरोप. आई मरेपर्यंत आमच्या घरात तुमच्या बेटाची मोरस साखर आली नाही. म्हणायची, त्यात माझ्या पोराचा घाम असेल. मी अजून गूळच खाते, सवय म्हणून.

बारा वर्षं वाट बघितली. मग भटाने सांगितलं तसा दर्भाचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि दत्तू म्हणून सोनापुरात जाळला. दहा दिवस सुतक धरलं. मेलेल्या माणसाचा नातू आता मला देवक विचारतो.

त्याने प्रवास कसा केला ते आधी तू लिही. जहाजात काय केलं, उतरून काय केलं. देवक मग बघू.

तुळसा

*

पोर्ट लुई
ता. २८ ऑगस्ट १८९६

तीर्थस्वरूप आत्याआजींस दंडवत.

आपल्या शंकेचा राग नाही. उलट त्या निमित्ताने आजोबांना थोडेफार बोलते करता आले.

जहाज तीन डोलकाठ्यांचे होते. छत्तीस दिवस लागले. जहाजाच्या तळात दोनशे माणसे, सगळी ओकत होती, आजोबा सोडून. ते वर जाऊन खलाशांच्या दोऱ्या ओढू लागत. एकदा वादळात शीड अडकले तेव्हा डोलकाठीवर चढून त्यांनी ते सोडवले, त्या दिवसापासून त्यांना खलाशांच्या पंगतीला बसवत. इथे उतरल्यावर दोन दिवस कोठीत ठेवले, मग दीड दिवस चालवत मळ्यावर नेले. दहा वर्षे ऊस तोडला. नंतर इथे आगगाडीचे रूळ पडू लागले. भरावाचे काम ठाऊक असलेला माणूस म्हणून त्यांना तिकडे घेतले. ज्या स्टेशनात मी बसतो त्याच्या पुढचा पूल त्यांच्या टोळीने बांधला.

वयपरत्वे ते आता देवधर्मी झाले आहेत. गेल्या आठवड्यात नारळी पौर्णिमा झाली. इथले दुसरे कोणी मराठी लोक ती पाळत नाहीत, पण आजोबा दरवर्षी किनाऱ्यावर जाऊन दर्याला नारळ वाहतात. यंदा मी पाठीवर घेऊन गेलो. डाव्या हाताने अजून जाळेही विणतात.

आपले पत्र त्यांना वाचून दाखवले. पुतळा जाळल्याचे आले तेव्हा त्यांनी पुढ्यातले ताट सारले आणि दोन दिवस जेवले नाहीत. आपल्या माणसांनी आपल्याला मेलेले धरले याचे दुःख झाले असणार. आता तरी खात्री पटली ना? देवक कळवावे. शांताकडची माणसे विचारत असतात.

आनंदा

*

परळ, कार्तिक शुद्ध, १८९६

आनंदा,

मांडवीकडे गाठीचा ताप आलाय. लोक बोचकी बांधून बंदराकडे पळतायत. माझा मुलगा महादेव म्हणतो, गिरणी चालू आहे तोवर हलायचं नाही. त्यामुळे थोडक्यात लिहिते.

खात्री पटली. बाणकोटपासून आतडी बाहेर काढणारा माणूस छत्तीस दिवस डोलकाठीवर चढत नाही. आम्ही डोंगराकडचे कुणबी. आम्ही दर्याला नारळ वाहत नाही, नारळाची चटणी करतो.

देवक सांगत नाही. तू एक कर. म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड ने आणि म्हण, "तुळशी विचारते, उत्तम, दत्तू कुठाय?"

जे बोलेल ते न गाळता लिही. तुला वाईट वाटेल म्हणून गाळू नको, मला वाईट वाटेल म्हणून तर मुळीच नको.

तुळसा

*

पोर्ट लुई
ता. ९ फेब्रुवारी १८९७

आत्याआजींस दंडवत. आत्याआजी म्हणावे की नाही हेही आता कळत नाही.

तापाच्या भीतीने मुंबईची पत्रे इथे टोचून, धुरी देऊन देतात. आपल्या पत्राला गंधकाचा वास होता आणि दत्तू या शब्दावर भोक पडले होते. तरी वाचता आले.

आपण सांगितले तसे कानात म्हटले. त्यांनी डोळे मिटले. मला वाटले झोप लागली. मग अडखळत बोलू लागले, तीन दिवस थोडेथोडे. न गाळता लिहितो.

माझे आजोबा म्हणजे उत्तम. शीव कोळीवाड्याचे. त्या सकाळी ते दत्तूला पोचवायला बंदरावर गेले होते. मचवे माणसे भरभरून जहाजाकडे नेत होते. दत्तू धक्क्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरला, पाण्याकडे बघितले आणि तिथेच बसला. पाय हलेनात. घरी जा, असे आजोबा म्हणाले. दत्तू म्हणाला, आईने दहीभात चारून पाठवले, कोणत्या तोंडाने जाऊ, शिवाय बिल्ला घालून पळालेल्याला शिपाई धरतात. आजोबांना मोठे जहाज आतून बघायची हौस होती. नाकारल्याचा रागही होता. त्यांनी बिल्ला त्याच्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातला. मचव्यावर कोणी तोंड बघत नव्हते, नंबर बघत होते. दत्तूने त्यांच्या हातात पान दिले. डबी त्याच्याकडेच राहिली.

करार पाच वर्षांचा होता. संपल्यावर परत का आला नाहीत, असे विचारले. म्हणाले, "दत्तू म्हणून परत जायचं तर दत्तू घरीच असणार. एका दारात दोन दत्तू कसे उभे राहणार?" दत्तू त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी घरी गेला असेल, असेच ते इतकी वर्षे धरून होते. तो पोचलाच नाही हे त्यांना आपल्या आधीच्या पत्रावरून कळले. ताट सारले ते त्यासाठी. मी भलताच अर्थ लावला.

आता माझ्यापुरते. मी कुणबी नाही, दत्तूचा नातूही नाही. आजोबांच्या कराराच्या तिकिटावर नाव लिहिले आहे ते दुसऱ्याचे. जयवंतराव कोळ्याच्या घरात मुलगी देणार नाहीत. त्यांना जाऊन नाही म्हणून सांगणार आहे. शांता देवळात दिसली, मी खाली बघितले.

आपला त्रास संपला. दत्तूचे पुढे काय झाले हे कळले तर आजोबांसाठी कळवावे. रोज विचारतात.

आनंदा

*

पोर्ट लुई
ता. २० जून १८९७

आत्याआजींस,

उत्तर नाही. मुंबईत तापाने फार माणसे जात आहेत असे इथल्या वर्तमानपत्रात येते. तीन बोटी आल्या, तिन्ही वेळा टपालात बघितले. जयवंतरावांना अजून काही बोललो नाही. धीर होत नाही.

आपण आहात एवढेच कळवा. देवक नको.

आनंदा

*

दादर, माळावरची झोपडी
भाद्रपद शुद्ध, १८९७

चिरंजीव आनंदा यास आशीर्वाद.

आहे मी. मला काय धाड भरलीय. धाकटी माणसं गेली. महादेवची बायको माघात गेली. त्याबद्दल मी लिहिणार नाही आणि तूही दोन शब्द लिहून पाठवू नको. चाळ रिकामी करून आम्हाला इथे तट्ट्याच्या झोपडीत आणलंय. दारावर नंबर आहे, माझ्या गळ्यात नाही एवढंच. नात माझ्यापाशी असते. कामं सरत नाहीत, माणसं सरतात.

तुझं फेब्रुवारीचं पत्र मला चैत्रात मिळालं. वाचून बाजूला ठेवलं. खरं सांगते, पहिल्यांदा दत्तूचा रागच आला. गिरगाव ते बंदर, अर्धा तास चालायची वाट. आईच्या दहीभाताची लाज वाटली म्हणे. आईने एक शिवी हासडली असती आणि दुसरं ताट वाढलं असतं. एवढं त्याला कळू नये.

माळावरून शीव काही लांब नाही, पण माझे गुडघे वेगळं सांगतात. श्रावणात एका सोमवारी निघाले. दोनदा रस्त्यात बसले. कोळीवाड्याच्या तोंडाशी आधी मला आतच घेईनात. माळावरची म्हातारी, ताप घेऊन आली असेल. मी म्हटलं, काख बघा, आणि हात वर केला. मग हसले आणि सोडलं.

उत्तमची धाकटी बहीण गुणवंती अजून आहे. तो गेला तेव्हा आठ वर्षांची होती. आता दात नाहीत, तोंड मात्र शाबूत आहे. बोंबील वाळत घालत होती. मी कोण ते सांगितलं आणि उत्तमचं नाव काढलं. हात न थांबवता म्हणाली, "आमचा उत्तम घाटान मेला गो. खंडाल्याच्या घाटान."

मी तिची टोपली पुढ्यात ओढली आणि म्हटलं, सगळं सांग.

तिने सांगितलं ते असं. उत्तम घरातून नाहीसा झाला तेव्हा हे लोक समजले, पोरगा रुळाच्या कामावर पुढे गेला. सात वर्षांनी घाटातून एक मुकादम आला. म्हणाला, बोगद्याच्या कामावर शीव कोळीवाड्याचा उत्तम नावाचा गडी होता, कल्याणपासून आमच्या टोळीत होता, पटकीने गेला. शेकडो माणसं गेली तेव्हा तिथे. उत्तमच्या आईने टाहो फोडला, दहा दिवस सुतक धरलं, तेराव्याला जात जेवू घातली. फक्त म्हातारा बाप म्हणत राहिला, माझा पोरगा डोंगरात कशाला जाईल, त्याला चढ बघितला की धाप लागायची. त्याचं कुणी ऐकलं नाही.

मुकादमाने मेलेल्याची एक वस्तू आणली होती. गुणवंतीने ती फडताळातून काढून दिली. पितळेची चुन्याची डबी. झाकणावर द आहे, उलटा पडलेला, मी तेव्हा तसाच काढायची. कोळीवाड्यात सगळे समजत होते, दगडाला घासलीय.

तर दत्तू असा गेला. तुझा आजा जहाजाने गेला, माझा भाऊ रुळाने. बिल्ला उत्तमने घेतला तेव्हा दत्तूकडे नावच उरलं नाही, म्हणून त्याने उत्तमचं घेतलं. आज्याला सांग. रडला तर रडू दे, झटक्याच्या माणसाने रडलेलं चालतं. आणि हेही सांग की गुणवंती म्हणते, "तुझं तेरावं मी जेवलेय, वडे चांगले झालते."

आता तुझं. नीट वाच, मी पुन्हा लिहिणार नाही.

तू रक्ताने कोळी, हे खरं. पण सुतक कुणी परक्याचं धरत नाही. घाटात मेला त्याचं सुतक कोळीवाड्याने धरलं, म्हणून माझा भाऊ त्यांचा झाला. बेटावर गेला त्याचं सुतक आम्ही धरलं. बेटावर गेला तो तुझा आजा. पुतळा दर्भाचा होता, त्याला तोंड नव्हतं. मग तो कुणाचा होता हे मी सांगेन, भट नाही.

तरी मी भटालाही विचारलं. पुतळा जाळलेला माणूस जिवंत निघाला तर काय करतात? तो म्हणाला, तुपाने न्हाऊ घालून त्याला पुन्हा जन्माला घालायचं, बारसं करायचं, नाव ठेवायचं. म्हणजे सोय आहेच. आम्ही जाळलेला तुझा आजा जिवंत आहे. त्याच्या डोक्याला तूप लाव आणि न्हाऊ घाल. नाव आत्याने ठेवायचं असतं. त्याची आत्या आता कुठून आणणार, मी ठेवते. दत्तू.

आपलं देवक कळंब. उंबर नाही. जयवंतरावांचं आणि तुझं जुळतं. तिकडे कळंब नसेल तर पाटावर हळदीने काढ, देव काही पानं मोजत नाही.

सोबत वेगळा कागद आहे तो पंचांपुढे वाच. त्यावर एवढंच लिहिलंय: "दत्तू हा आमच्या घरचा. देवक कळंब. त्याचं सुतक मी स्वतः धरलेलं आहे, त्याअर्थी मला माहीत. कुणाला शंका असेल त्याने मुंबईस येऊन विचारावं. तुळसा." येणार कुणी नाही. मुंबईला सध्या कुणी येत नाही, ताप असा कामाला आला.

जयवंतरावांना बाकीचं सांगायचं की नाही, ते तू ठरव. पण शांताला सगळं सांग, आणि लग्नाआधी सांग. तिला चालणार नसेल तर कळंब घेऊन काय करायचंय? आणि तिच्यासमोर खाली बघू नको. आमच्या घरात एकाने पाण्यासमोर खाली बघितलं, ते चव्वेचाळीस वर्षं पुरलं.

डबी मी आणली नाही. गुणवंतीने इतकी वर्षं घासूनपुसून ठेवली, माझा तिच्यावर एक ओरखडा, तोही उलटा. पुन्हा गेले तेव्हा तिला म्हटलं, तुझ्या भावाच्या नातवाचं लग्न ठरतंय. म्हणाली, माझ्या कुठल्या, तुझ्या. मी म्हटलं, रक्त तुमचं. ती म्हणाली, नाव तुमचं, देवक तुमचं, आहेर तूच कर. बोंबलांच्या वासात तासभर भांडलो. मग तिने डबी उघडून दोघींना पान लावलं.

येताना वाण्याकडून मोरस साखर घेतली. साखरपुड्याची म्हणून अर्धी गुणवंतीकडे पाठवली, नातीच्या हातावर चिमूट ठेवली, एक चिमूट मी तोंडात टाकली. आईने आयुष्यभर जिला हात लावला नाही ती ही. नुसती गोड आहे. गुळासारखी चव नाही तिला.

मुहूर्त कळव.

तुझी आत्याआजी,
तुळसा